भाद्रपदातल्या शिंका

श्रावण सरत आला की सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागायची आणि ती दिवाळीपर्यंत तुटायची नाही, असं माझं कित्येक वर्षं चाललं होतं. आधी टाळूच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे, खाज सुटते. मग डोळ्यांचे आतले कोपरे चुरचुरतात. मग शिंका, एकीला लागून दुसरी, मध्ये धड श्वास घेऊ न देणाऱ्या. आणि त्यानंतर नाकातून निव्वळ पाणी. ताप नाही, अंगदुखी नाही, कफ नाही. घरात, शाळेत, शेजारीपाजारी सगळे एकच म्हणत, "सर्दी झालीय वाटतं." सर्दी आठवडाभरात बरी होते. ही दोन-अडीच महिने मुक्काम ठोकून असायची.

मी सासवडजवळच्या एका शाळेत शिकवते. राहायला हडपसरला, त्यामुळे रोज दिवे घाटातून स्कूटरवर ये-जा. माहेर राजापूरकडचं. लहानपणी मला असलं काही नव्हतं, लग्न होऊन पुण्याकडे आले तरी पहिली काही वर्षं बरी गेली. म्हणून पुढे त्रास सुरू झाला तेव्हा त्याचं खापर दगदगीवर, खडूच्या भुकटीवर, स्कूटरवर लागणाऱ्या वाऱ्यावर, रात्री खाल्लेल्या दह्यावर, कशाकशावर फुटलं. ॲलर्जी मोठेपणीही सुरू होते. नव्या मुलखात गेल्यावर तिथले परागकण शरीराला खुपायला लागण्याआधी काही मोसम सरळ जाऊ शकतात. मला हे कुणी सांगितलं असतं तर मधली वर्षं वाचली असती.

नुसत्या शिंका असत्या तर निभावलं असतं. खरा घात झोपेचा होतो. नाक चोंदलं की रात्रभर तोंडाने श्वास, पहाटे घशाला कोरड, आणि दिवसभर डोकं जड. सहावीच्या वर्गात कविता म्हणून दाखवायची आणि प्रत्येक 'न' आणि 'म' नाकात अडकायचा. मुलं समजूतदार असतात, काही बोलत नसत. पण मराठी शिकवणाऱ्या बाईचा आवाज वर्षातले दोन महिने जागेवर नसावा, हे मला फार लागायचं.

उपाय पुष्कळ झाले. सासूबाई वेखंड उगाळून कपाळाला लावत, रात्री हळद घातलेलं दूध देत, गवती चहाची वाफ घ्यायला लावत. वाफेने तेवढ्यापुरतं मोकळं वाटायचं आणि त्यांच्या मायेने त्याहून जास्त. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली की शिंका थांबायच्या, पण तिसऱ्या तासाला पापण्या मिटायला लागायच्या. एका दवाखान्यात दर मोसमात एक इंजेक्शन मिळायचं. दोन दिवसांत सगळं शांत. ते शरीरात अनेक आठवडे राहणारं स्टेरॉइड आहे, हे तिथे कुणी तोंडाने बोललं नाही. साखर, रक्तदाब, हाडं या सगळ्यांवर त्याचा भार पडतो आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते असं वरचेवर देऊ नये, असा तज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. पेशंटला आराम पडला की प्रश्न विचारायचे राहून जातात. म्हणून मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, सुई टोचण्याआधी औषधाचं नाव विचारा, कागदावर लिहून मागा.

नाक उघडणाऱ्या थेंबांबद्दलही सांगायला हवं. शेजारच्या काकांच्या खिशात ती बाटली कायम असायची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं काहीतरी तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. थेंब टाकल्यावर पाच मिनिटांत नाक मोकळं होतं, पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापर गेला की औषध उतरताना आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब. काकांचं नाक शेवटी थेंबांमुळेच बंद राहायला लागलं होतं. ते सोडवायला त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरेच दिवस लागले.

माझी गाडी रुळावर आली ती कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी नाकात बॅटरी घालून पाहिलं, पण त्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. कुठल्या महिन्यात सुरू होतं? पाऊस चालू असताना जास्त की उघडीप पडल्यावर? घरात की बाहेर? कोरोनाच्या काळात कसं होतं? मला आठवलं, शाळा बंद होत्या, बाहेर पडलं तर तोंडावर मास्क, तेव्हाचा भाद्रपद खूपच हलका गेला होता.

"गणपतीला माहेरी जाता का?" त्यांनी विचारलं.

"जमेल तेव्हा जाते."

"तिकडे शिंका येतात?"

"नाही हो. तिकडे थांबतातच. पण पहाटे नाक चोंदतं ते तिकडेही चोंदतं."

घरचे इतकी वर्षं 'माहेरची हवा मानवते' म्हणून हसत आले होते. डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दोन वेगवेगळी कारणं असणार. एक इथल्या रानातलं आणि एक अंथरुणातलं."

ॲलर्जीची टेस्ट त्यांनी मुद्दाम मोसम नसताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवली. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद, कारण त्या चालू असल्या तर कातडी खरं उत्तर देत नाही. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, पेनने आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशेजारी एका द्रावणाचा थेंब, आणि थेंबातून अगदी वरवर टोचणी. रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर जे द्रव्य सोडतं त्याचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. बाकीचे सगळे या दोघांशी ताडून बघायचे. पंधरा-वीस मिनिटं हात टेबलावर उताणा ठेवून बसायचं, खाज सुटली तरी खाजवायचं नाही. एका आकड्याशी पाच मिनिटांतच डास चावल्यासारखं लाल झालं, मग मधोमध फिकट उंचवटा आला, मग त्याच्या कडा वेड्यावाकड्या पसरल्या. डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी ठेवून मोजलं. साध्या पाण्याच्या जागेपेक्षा गांध तीन मिलिमीटरने किंवा त्याहून मोठी असेल तर ती धरायची. ही बरीच मोठी होती. तो आकडा गाजर गवताचा होता. घरातल्या धुळीतल्या किड्यांचीही गांध होती, जरा लहान. झुरळाच्या जागीही थोडं उठलं होतं.

झुरळाचं बघून मी घाबरले, तर त्या म्हणाल्या की गांध उठणं म्हणजे आजार असणं नव्हे. जे टेस्टमध्ये दिसतं आणि जे तुमच्या वर्षभराच्या हकिकतीत बसतं, तेवढंच खरं. हे वाक्य मी बहिणीला तसंच्या तसं सांगितलं, कारण तिने रक्ताचं एक भलंमोठं पॅकेज करून घेतलं होतं आणि त्या कागदाच्या भरवशावर गहू, दूध, वांगी, शेंगदाणे सगळं सोडून बसली होती. खाल्ल्यावर तिला कधीच काही झालेलं नव्हतं.

गाजर गवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत. गाजरासारखी पानं, शेंड्याला पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात तिकडून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आपल्याकडे पोचलं असं मानलं जातं, आणि १९५५-५६च्या सुमारास ते ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यातच. उगवल्यापासून महिन्याभरात फुलावर येतं. एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. घाटाच्या दोन्ही अंगांना, बांधकामाच्या पडीक प्लॉटांत, शाळेच्या कुंपणालगत, जिथे माती उकरली गेली तिथे ते आहे. मी वर्षानुवर्षं रोज त्याच्या मधूनच स्कूटर चालवत होते. लोक गुलमोहराला, शेवंतीला, मोगऱ्याला दोष देतात. रंगाची, वासाची फुलं बहुतेक कीटकांसाठी असतात, त्यांचे पराग जड आणि चिकट, ते फार उडत नाहीत. नाकात जातात ते बहुतांशी गवतांचे आणि अशा नजरेत न भरणाऱ्या झाडांचे.

आता उपचारांचं. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला, मोमेटासोन नावाच्या स्टेरॉइडचा. स्टेरॉइड म्हटल्यावर आमच्या घरी सगळ्यांचे चेहरे उतरले, आधीच्या इंजेक्शनाची कथा ताजी होती. पण याच्या एका फवाऱ्यात पन्नास मायक्रोग्रॅम औषध असतं, ते नाकाच्या अस्तरावरच काम करतं आणि रक्तात जवळजवळ उतरत नाही. फक्त ते मारायची एक रीत आहे. मान जराशी खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर तिथे खपली धरते, रक्त येतं. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं औषध घशात. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून हे माझ्याकडून करून घेतलं. स्प्रे 'लागू पडत नाही' म्हणणारे जितके मला भेटले, त्यांतल्या बहुतेकांना तो मारायचा कसा हे कुणी दाखवलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि सगळ्यांत जास्त जीव तोडून मी सांगते ती हीच. या स्प्रेचा पूर्ण गुण यायला बरेच दिवस, कधी दोन आठवडे लागतात. शिंका सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. मी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सुरू करते आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत रोज सकाळी दात घासल्यावर मारते, त्या दिवशी त्रास असो वा नसो. जोडीला गरज पडली तर फेक्सोफेनाडिनची गोळी, जिने झोप फारशी येत नाही, मात्र ती फळांच्या रसाबरोबर घ्यायची नाही, गुण कमी येतो. माँटेलुकास्ट हे ॲलर्जीचं आणखी एक औषध असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला आहे, झोप आणि मन बिघडू शकतं म्हणून. मला ती दिली नाही. कुणाला चालू असेल तर आपण होऊन बंद करू नये, पण मुलगा चिडचिडा झाला, वाईट स्वप्नं पडतात, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावं.

पहाटेच्या चोंदण्याचं कारण अंथरुणातले किडे. पाव-अर्धा मिलिमीटरचे, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगतात, दमट गादी-उशीत वाढतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे. चादरी, अभ्रे दर आठवड्याला साठेक अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवत नाही इतक्या गरम पाण्यात धुवायचे, आणि गादी-उशीला चेनचं घट्ट कव्हर. इथे घरात एक अडचण आली. आमच्याकडे घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढायची रीत आहे. गोधड्या, सतरंज्या, पडदे, सगळं गच्चीवर वाळत. पण नवरात्राच्या आधीचा तोच काळ गाजर गवताच्या ऐन फुलोऱ्याचा. दिवसभर गच्चीवर वाळलेली गोधडी म्हणजे परागांनी भरलेली गोधडी, आणि रात्री तीच तोंडावर. मी सासूबाईंपाशी बसून हे नीट समजावलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "देवीला स्वच्छ घर लागतं. गोधडी वैशाखात धुतली म्हणून ती काही रुसायची नाही." तेव्हापासून मोठी धुणी अक्षय्य तृतीयेच्या आसपास, कडक उन्हात, हवेत पराग कमी असताना. नवरात्राच्या आधी ओल्या फडक्याने पुसणं होतं, तेही मी मास्क लावून करते. मोसमात शाळेतून आलं की आधी तोंड-हात-केस धुवायचे, साडी तिथेच बदलायची. नाक मिठाच्या पाण्याने धुते, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नये, त्यातून मेंदूला जाणारा अमीबा क्वचित का होईना पण जीवघेणा असतो.

एवढं केल्यावर त्रास निम्म्याहून कमी झाला. पण घाट काही टळत नाही. म्हणून डॉक्टरांशी बोलून इम्युनोथेरपी सुरू केली. ज्याची ॲलर्जी आहे त्याच्याच अर्काची अगदी सूक्ष्म मात्रा दंडाला टोचायची, ती दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत न्यायची, आणि ठरल्या मात्रेला पोचलं की महिन्यातून एकदा. एकूण तीन ते पाच वर्षं. जिभेखाली धरायच्या थेंबांचाही पर्याय असतो. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं, कारण क्वचित सगळ्या अंगावर रिॲक्शन येऊ शकते आणि त्यावरचं ॲड्रेनलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच हे करायचं. घरी नेऊन ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. आणि दमा आटोक्यात नसेल तर इम्युनोथेरपी करतच नाहीत.

त्या अर्ध्या तासांत मी या आजाराचा इतिहास वाचत बसे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकाला, डोळ्याला, ओरखडलेल्या कातडीला लावून बघितले, चिकट काचा लावलेले पतंग उडवून उंचावरच्या हवेतले पराग मोजले, आणि १८७३ मध्ये दाखवून दिलं की दोष उन्हाचा नाही, परागांचा आहे. अर्क टोचून सवय करवण्याची पद्धत १९११ मध्ये लंडनला लेनर्ड नून यांनी मांडली. म्हणजे माझ्या दंडाला जे टोचलं जातं त्याला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. दर वेळी रस्त्यावर कुणीतरी मला 'प्रतिकारशक्ती कमी आहे' म्हणतं, तेव्हा मला हे सगळं सांगावंसं वाटतं. शक्ती कमी नसते. निरुपद्रवी परागाला शत्रू समजून शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, आणि पुढच्या भेटीत हिस्टामिन सुटतं. मग शिंका.

स्वतःचं कळल्यावर वर्गातलं दिसायला लागलं. एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकायचा. लक्ष नसतं, आळशी आहे, असा त्याच्याबद्दल सगळ्यांचा समज. त्याच्या नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी बारीक रेघ होती. तळहाताने नाक खालून वर चोळत राहणाऱ्या मुलांना अशी रेघ पडते. डोळ्यांखाली काळसर छाया, तोंड सतत अर्धवट उघडं. मी त्याच्या आईला बोलावलं. ती म्हणाली, "बाई, त्याला बारमाही सर्दीच आहे. दही, ताक, केळी समदं बंद केलंय." रात्री खोकतो का, छातीत शिटी वाजते का, विचारलं, तर वाजत होती. ॲलर्जीच्या सर्दीबरोबर दमा पुष्कळदा असतो, आणि नाकाकडे दुर्लक्ष झालं की छातीही आटोक्यात राहत नाही. ती माउली दुसऱ्याच दिवशी रोजगार बुडवून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. आता त्याला नाकाचा स्प्रे आहे, स्पेसर, म्हणजे औषध छातीत नीट पोचवणारी नळी, लावून घ्यायचा दम्याचा पंप आहे आणि दही पुन्हा सुरू आहे. तिसऱ्या तासाला तो जागा असतो आणि गणितात भांडतो.

शाळेचं मैदान आम्ही पूर्वी पंधरा ऑगस्टच्या आधी साफ करायचो. तोवर गाजर गवत फुलावर आलेलं असे आणि मुलं ते उघड्या हातांनी उपटत. यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने कातडीही बिघडते. आमच्या शाळेतल्या मामांच्या पापण्या, मान आणि हात दर पावसाळ्यात सुजून चिघळायचे, ते याच गवताने. पुण्यातल्या डॉक्टरांनी १९६०-७०च्या दशकांतच अशा रुग्णांच्या नोंदी केलेल्या आहेत. मुख्याध्यापक सरांशी बोलून ही सफाई आता आषाढात घेतो, फूल धरायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, म्हणजे मूळासकट निघतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम पालकांनी करायचं. मुलांकडे वेगळं काम आहे. या गवतावर जगणारा एक भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये भारतात सोडला गेला, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला. पावसाळ्यात तो कुंपणापलीकडच्या झुडपांवर दिसतो. मुलं भिंगातून त्याच्या अळ्या बघतात आणि कुठल्या झाडाची पानं किती खाल्ली ते वहीत लिहितात. जिथून गवत काढलं तिथे टाकळ्याचं बी फेकतो, तो दाट उगवला की गाजर गवताला जागा उरत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.

माझी इंजेक्शनं अजून चालू आहेत. गेल्या भाद्रपदात गोळी लागली ती वाऱ्याच्या दिवसांपुरतीच, आणि घाटात मास्कवर हेल्मेटची काच खाली असतेच. शाळेच्या पूर्वेकडचा प्लॉट मात्र तसाच माजलेला आहे. मालक मुंबईला असतात. ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे, सरपंचांनी ज्येष्ठात मशीन फिरवू म्हटलंय, पण फोन मालकांनाच करावा लागेल. नंबर मिळाला आहे. या रविवारी बोलणार आहे.